पुड्याखालचा कागद

गुरुवारी दुपारी चार ते सहा ही आमच्या शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात नातेवाइकांच्या भेटीची वेळ असते. टाळेबंदीचा काळ सोडला, तर गेली अकरा वर्षे त्या वेळात मी बायकांच्या वॉर्डात जात आले आहे. माझ्या पिशवीत एक मोठे आणि एक लहान नेलकटर, एक कानस, स्पिरिटची बाटली, कापूस आणि दोन जुने पंचे असतात, आणि हातात प्लॅस्टिकचा एक निळा टब असतो. मी तेथे रुग्णांच्या पायांची नखे कापते.

नखे कापण्यात शिकण्यासारखे काय असणार, असे आरंभी मलाही वाटले होते. पण म्हातारपणी पायाच्या अंगठ्याचे नख शिंगासारखे जाड आणि पिवळट होते, बोटाच्या टोकावरून खाली वळते आणि साध्या नेलकटरच्या तोंडात मावत नाही. मग पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा लागतो, पंचाने टिपावा लागतो आणि नख एकदम न तोडता थोडे थोडे, सरळ रेषेत काढावे लागते; कोपरे खोल कापले, तर वाढताना ते मांसात शिरते. वॉर्डातल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावले होते, की शुगरच्या पेशंटच्या पायाला आपल्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण अशा पायाची संवेदना गेलेली असली, तर बोटाला झालेली बारीकशी जखम त्या बाईला कळतही नाही आणि कळेपर्यंत ती चिघळलेली असते. त्यामुळे मी आधी सिस्टरना विचारते आणि त्यांनी मान डोलावली, की टबात पाणी ओतते. आजारी माणसाच्या औषधाकडे, जेवणाकडे, बिलाकडे घरच्यांचे लक्ष असते. नखांकडे सहसा कुणाचे जात नाही, आणि महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या बाईला स्वतःच्या पायापर्यंत वाकता येत नाही.

मी ख्रिस्ती आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशा कामाला सेवा म्हणतात आणि आपल्या विश्वासाविषयी दुसऱ्याला सांगणे याला साक्ष देणे म्हणतात. रविवारच्या उपदेशात हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, एखाद्या सुखी जोडप्यासारखे, आणि पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणेपर्यंत त्यांच्यात कसलाही बेबनाव नसतो. सोमवारी बाहेर पडल्यावर मात्र त्या दोघांचे एकमेकांशी पटवून देणे किती अवघड आहे, हे मला बरेच उशिरा आणि एका अनोळखी मुलाकडून कळले.

नखांच्या आधी मी बिस्किटे वाटत असे. नाताळच्या आठवड्यात आमचे महिला मंडळ रुग्णालयात जाई आणि प्रत्येक खाटेवर ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा ठेवला जाई. पुड्याखाली, रबराने बांधलेली, चार पानांची एक पत्रिका असे. पत्रिका फार चांगली होती, असे आज मला म्हणवत नाही. तिचे मराठी भाषांतराचे होते आणि मुखपृष्ठावर निळ्या डोळ्यांचा मेंढपाळ होता. एका वर्षी खाटा भरल्यामुळे जमिनीवर गादी टाकून झोपवलेल्या एका बाईच्या उशाशी मी असा पुडा ठेवला. तिचा मुलगा शेजारी बसला होता, वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने पुडा उचलला, रबर काढले, कागद वेगळा केला आणि दोन्ही वस्तू माझ्या हातात परत ठेवल्या. आवाज न चढवता तो म्हणाला, “बाई, नुसता पुडा दिला असता, तर घेतला असता. नुसता कागद दिला असता, तर तोही वाचला असता. दोन्ही एकदम नको.”

मला राग आला. घरी परतताना रिक्षात मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. आम्ही कुणावर सक्ती केली होती का? राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये त्यावर मर्यादा घातली ती एवढीच, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आणि आम्ही तर केवळ सांगत होतो. माझी बाजू कायद्याला धरून होती, यात शंका नाही. पण तेवढ्याने त्या मुलाचे म्हणणे खोटे ठरत नव्हते, आणि ते का खोटे ठरत नाही, हे समजायला मला माझ्या आजीपर्यंत मागे जावे लागले.

आजी नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या परिसरात बायबलबाई होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले आणि पुढे खेडोपाडी जी माणसे नेमली, त्यांत शिकवलेल्या स्थानिक स्त्रियाही होत्या. घराघरांत जाऊन बायकांना वाचायला शिकवायचे, शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, असे त्यांचे काम असे. आजीच्या पिशवीत शुभवर्तमानाच्या लहान पुस्तिका होत्या, पण त्यांच्या जोडीला एक फणी, खोबरेल तेलाची बाटली, आयोडीन आणि जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या पट्ट्याही होत्या. वस्तीवर गेली, की ती एखाद्या लिंबाखाली बसे, कुणाची तरी पोर गुडघ्यांत धरी आणि तिच्या डोक्यातल्या उवा काढू लागे. एकीचे झाले, की दुसरी पुढे येई. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर एकदोनदा गेले आहे. तेव्हा ती निवृत्त झालेली होती, पण फणी निवृत्त झालेली नव्हती. इतक्या वेळात आजी त्या पोरींना येशूबद्दल काहीच कसे सांगत नाही, याचे मला नवल वाटले होते, कारण संडे स्कूलमध्ये आम्हांला प्रत्येक संधी साधायला शिकवलेले होते. विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “उवा काढताना सुवार्ता सांगू नये बाळा. मान आपल्या हातात असती तिची. नको म्हणायचं झालं, तर ती उठून जाईल कशी?”

रुग्णालयात गादीवर पडलेल्या बाईची मान माझ्या हातात होती. तिच्या मुलाला ते दिसले आणि मला दिसले नाही, एवढाच फरक होता. देणारा उभा असतो आणि घेणारा आडवा असतो, तेव्हा देणाऱ्याने कितीही मृदू शब्दांत काही पुढे केले, तरी त्यात वजन येते. घेणाऱ्याला वाटू शकते, की हा कागद परत केला, तर उद्या पुडा मिळणार नाही. तसे होणार नव्हते, हे मला ठाऊक होते. तिला कुठून ठाऊक असणार?

येथवरचे सगळे सरळ आहे, आणि मी एवढ्यावर थांबले असते, तर स्वतःवर बऱ्यापैकी खूशही झाले असते. पण माझ्या घराचा इतिहास मला इतक्या सहजासहजी सुटू देत नाही. माझे पणजोबा १९०० च्या आसपासच्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. मिशनच्या कामावर खडी फोडून ज्वारी मिळत होती, मुलांना शाळा होती, आणि ज्या गावच्या विहिरीवर त्यांच्या सावलीचाही विटाळ होत होता, त्या गावात त्यांना नावाने हाक मारणारा पहिला परका माणूस मिशनचा होता. गावाने अशा लोकांना दुष्काळी ख्रिस्ती म्हटले, पोटार्थी म्हटले, आणि तो टोमणा दोन पिढ्या पुरला. म्हणजे पुडा आणि कागद एकदम ज्यांच्या हातावर ठेवले गेले, त्यांचीच मी पणती आहे. ते एकत्र दिले गेले नसते, तर मी आज कोण असते, हे मला सांगता येणार नाही. त्या मुलाचे म्हणणे मला पटते, तेव्हा माझ्याच पायाखालची एक वीट सरकल्यासारखी वाटते. पणजोबांच्या मनात काय होते, हे तपासायला कोणी गेले नाही आणि आता जाताही येणार नाही. टोमण्यावर आजीचे उत्तर मात्र तयार असे: “भाकरीपायी आलो, खोटं कशाला बोलू? पण भाकर सरल्यावर गेलो का?”

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात सेवा आणि साक्ष या दोन्ही गोष्टी आहेत, आणि त्यांच्यात अवघे तीन अध्यायांचे अंतर आहे. पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस आहे, आणि जे जे या कनिष्ठांतल्या एकाला केले, ते मलाच केले, असे येशूचे सांगणे आहे. त्यात ज्यांनी हे केले, त्यांना आपण कुणासाठी काय केले, याचा पत्ताही नव्हता. ‘प्रभो, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले?’ असे ते चकित होऊन विचारतात. अठ्ठाविसाव्या अध्यायात, अगदी शेवटी, सर्व राष्ट्रांकडे जा आणि शिष्य करा, ही आज्ञा आहे. मंडळीत कुणाला पहिले वचन प्रिय असते आणि कुणाला दुसरे, आणि बहुतेक भांडणे त्यावरून होतात. मला त्या भांडणात लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी, म्हणजे यहूद्यांनी परक्या मानलेल्या जमातीतला एक माणूस, आठवतो. वाटेत लुटलेल्या, अर्धमेल्या माणसाच्या जखमांवर तो तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दिनार देऊन निघून जातो. यहूदी आणि शोमरोनी यांचे उपासनेचे डोंगरसुद्धा वेगळे, एकमेकांशी व्यवहार नाही. आणि तरी त्या संपूर्ण गोष्टीत शोमरोनी आपल्या धर्माविषयी चकार शब्द काढत नाही. ही गोष्ट रचून सांगणारा येशूच आहे, हे आम्ही पत्रिका छापताना विसरतो. दहा कुष्ठरोग्यांना त्याने बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला. उरलेले नऊ कुठे आहेत, असे त्याने विचारले खरे, पण त्यांचे बरे होणे त्याने परत घेतले नाही.

सांगणे वाईट असते, असे मात्र यातून निघत नाही. कवी नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले, ते एका सांगणाऱ्यामुळेच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली, काव्याच्या गप्पा निघाल्या, आणि निघताना त्याने त्यांना नवा करार देऊन वाचण्याचा आग्रह केला. टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या त्या डब्यात कुणाची मान कुणाच्या हातात नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. दोघेही तिकीट काढून बसलेले होते, टिळक वाद घालायला त्याच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते आणि पुस्तक खिडकीबाहेर फेकायला मोकळे होते.

आणि तेच टिळक घरात कसे वागले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्या धर्मांतराने त्यांच्या पत्नीवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, त्या आपले सोवळे सांभाळून, वेगळा स्वयंपाक करून. टिळक तापट होते, विक्षिप्त होते, संसाराच्या बाबतीत तर कमालीचे बेफिकीर होते, हे त्यांच्या पत्नीनेच आठवणींमध्ये हसत हसत लिहून ठेवले आहे. पण तिची चूल आपल्या चुलीत मिसळण्यासाठी त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिचे मन तिच्या चालीने बदलले, आणि १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. जगाला सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून वाट पाहावी, याहून अवघड साक्ष मला माहीत नाही.

त्या नाताळनंतर मी महिला मंडळाच्या वाटपातून बाहेर पडले. नखांचे काम त्यानंतर वर्षभराने, तसे योगायोगानेच, माझ्या एका नातलग बाईच्या आजारपणात सुरू झाले आणि मग शेजारच्या खाटेवरून शेजारच्या खाटेवर पसरत गेले. पिशवीत कागद ठेवायचा नाही, असे मी ठरवले होते आणि ते कटाक्षाने पाळले. इतक्या कटाक्षाने, की त्यातून दुसराच दोष निर्माण झाला. एकदा एका बाईने, पाय पंचात असतानाच, मला विचारले, “तुम्ही कसल्या संस्थेच्या?” मी म्हणाले, “कसल्या नाही. अशीच समाजसेवा.” तिने थोडे थांबून पुन्हा विचारले, “पण कशासाठी करता?” मी पुन्हा तेच म्हणाले, की वेळ जातो, बरे वाटते.

यातले एक अक्षरही खरे नव्हते. मला समाजसेवेची आवड नाही. मी स्वभावाने माणूसघाणी आहे आणि दुसऱ्याच्या पायाला हात लावताना आजही क्षणभर अंग आकसते. शेवटच्या भोजनाच्या रात्री ज्या येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो डोळ्यांसमोर नसता, तर मी त्या वॉर्डाची पायरी चढले नसते. एवढे साधे उत्तर तिला हवे होते, तिने ते दोनदा मागितले होते, आणि मी दोन्हीदा नाकारले. महायाजकाच्या वाड्यातल्या अंगणात, शेकोटीपाशी, एका दासीने विचारल्यावर येशूचा शिष्य पेत्र याने येशूबद्दल ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटले, त्याला निदान अटकेची भीती होती. मला कशाची होती? हल्ली ख्रिस्ती म्हटले, की समोरच्याच्या डोळ्यांत एक संशय चमकून जातो, त्याची; आणि त्याहून जास्त, त्या मुलाचे वाक्य पुन्हा ऐकावे लागेल, याची. पुढे तोच पेत्र आपल्या पत्रात लिहितो, की तुमच्या आशेविषयी जो विचारील, त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या. ते वाक्य आमच्याकडे फलकावर रंगवून लावतात, तेव्हा त्यातले ‘जो विचारील’ बहुधा बारीक अक्षरांत येते. आणि माझ्यासारखे लोक, विचारले तरी गप्प बसतात.

या जागी मला पंडिता रमाबाईंच्या खोलीचे दार आठवते. बालविधवांसाठी त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले, आणि तेथे मुलींना धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, असा शब्द दिलेला होता. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि आपल्या लेकीला घेऊन प्रार्थना करत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या घरांत ही हकिकत रमाबाईंच्या बाजूनेच सांगितली जाते. मी ती पुष्कळदा उलटसुलट करून पाहिली आहे. ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, तिला छप्पर देणाऱ्या बाईचे उघडे दार हे नुसते दार उरत नाही, ते बोलावणे होते, हा पालकांचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. आजीच्या फणीचाच तो न्याय आहे. पण दार लावून घेऊन रमाबाईंनी आत लपून प्रार्थना केली असती, तर त्या मुलींच्या वाट्याला जी बाई आली असती, ती अर्धीच असती. हा निवाडा मला आजवर करता आलेला नाही. एवढेच जाणवते, की दार उघडे ठेवण्याची किंमत त्यांनी स्वतः भरली, आणि मी मात्र दोन्ही वेळा दुसऱ्याला भरायला लावली: एकदा रबराने कागद बांधून आणि एकदा खोटे बोलून.

गेल्या श्रावणात वॉर्डात बीडकडची एक आजी होती. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीच्या सतरा वाऱ्या झालेल्या, आणि आता फुप्फुसात पाणी. शुगर नव्हती, सिस्टरनी मान डोलावली. पाय भिजेपर्यंत मी सवयीने काहीतरी गुणगुणत होते, आणि ते टिळकांचे एक पद होते, अभंगाच्या चालीचे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. त्यांच्या पदांत तुकोबांचा सूर असा मुरलेला आहे, की तो वारकरी कानाला ओळखीचा वाटावा.

“तुकोबाचा व्हय हा?” आजींनी डोळे मिटूनच विचारले.

“नाही आजी, टिळकांचा.”

“लोकमान्यांनी अभंग बी केले?”

“ते टिळक वेगळे. हे नारायण वामन. तुकोबांवर फार जीव यांचा. नंतर ख्रिस्ती झाले.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले, मग टबाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचा डावा पाय माझ्या हातात होता, आणि मी तो सोडून पंचावर ठेवला.

“आन् तुम्ही?”

“मीही ख्रिस्तीच.”

“जन्माच्या का झालेल्या?”

“जन्माची. पणजोबा झालेले.”

“ते कशापायी झाले?”

“दुष्काळ होता, आजी. भाकरीपायी.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सलाईनची बाटली संपत आली होती, तिची सून सिस्टरना बोलवायला धावली. मला वाटले, आजींना झोप लागली असेल.

“मग हे नखं काढायचं तुमच्या पोथीत सांगितलंय व्हय?”

“पाय धुवायचं सांगितलंय. नखांचं मी माझ्या मनानं घातलं.”

आजी हसल्या. हसण्याने खोकला लागला, मी पाठीला हात दिला, तोंडाशी पाण्याचे भांडे धरले. खोकला निवल्यावर त्यांनी डाव्या पायाची बोटे हलवून पाहिली, अंगठा वर करून नीट निरखला, आणि उजवा पाय चादरीबाहेर काढून माझ्यापुढे केला.

“हा ऱ्हायलाय अजून,” त्या म्हणाल्या. “पाणी जरा कढत घ्या.”